भिंतीतले मोहोळ हलवताना

वाईच्या गंगापुरीत माझ्या आत्याचा जुना वाडा आहे. त्याच्या माजघरातली एक देवळी कोणे एके काळी फळी ठोकून बंद केलेली होती आणि परसाच्या बाजूने, दगडांच्या सांध्यातल्या बोटभर फटीतून तिच्यात मधमाश्यांची ये-जा गेली तीन-चार वर्षे चालू होती. आत्याला त्यांचा त्रास असा कधी झाला नव्हता. परंतु भिंतीला ओल धरली, वरची तुळई बदलायचे ठरले आणि गवंड्याने "आधी त्या माश्यांचं काय ते बघा, मग मी हात लावतो" असे स्पष्ट सांगितले. मग आळीतून सल्ले येऊ लागले. कोणी म्हणाले औषध मारा, कोणी म्हणाले रात्री टेंभा लावून मध काढून घ्या, माश्या आपोआप जातील.

हे दोन्ही सल्ले का चुकीचे आहेत, हे आधी सांगायला हवे. भिंतीच्या पोकळीत कीटकनाशक फवारले तर माश्या मरतात, पण पोळी तिथेच राहतात. मेलेली पिल्ले कुजतात, मेणावर पतंगाच्या अळ्या पडतात, मुंग्या आणि उंदीर येतात, आणि माश्यांचा पहारा व त्यांनी राखलेला गारवा गेल्यामुळे उन्हाळ्यात पोळी मऊ होऊन मध भिंतीतून पाझरू लागतो. शिवाय तो विषारी मध लुटायला आसपासच्या वसाहतींमधल्या, म्हणजे दुसऱ्या मोहोळांतल्या, माश्या येतात आणि विष आपापल्या घरी घेऊन जातात. टेंभ्याचा उपाय तर मध काढण्याचा आहे, माश्या हलवण्याचा नाही. त्यात पिल्ले भाजतात, राणी बहुधा मरते, आणि लाकडी कडीपाटाच्या वाड्यात आगीशी खेळ होतो तो वेगळाच.

माश्या जिवंत हलवता येतात, मात्र त्यासाठी त्या कोणत्या जातीच्या आहेत हे ओळखणे ही पहिली पायरी आहे. पाण्याच्या टाकीखाली, पुलाखाली किंवा कड्यावर उघड्यावर लोंबणारे एकच मोठे पोळे हे आग्यामोहोळ असते. त्याला हौशी माणसाने हात लावायचा नाही आणि त्याला पेटीत घालण्याच्या भानगडीतही पडायचे नाही, कारण आग्या माशी बंद जागेत राहतच नाही; ती ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारी असल्याने काही महिन्यांत आपण होऊन निघून जाते. झुडपातल्या काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे असेल तर ती फुलोरी. भिंतीत, झाडाच्या ढोलीत, वारुळात, म्हणजे अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधते ती सातेरी. सात पुडांची म्हणून सातेरी किंवा सातपुडी असे सांगितले जाते, प्रत्यक्षात पुडे पाच असतात किंवा दहाही असतात. महाबळेश्वर आणि जावळीच्या डोंगरात मधपाळ पेटीत पाळतात ती हीच माशी, आणि ती पेटीत राहू शकते म्हणूनच तिला भिंतीतून पेटीत नेता येते. एखाद्या दिवशी अचानक गॅलरीत किंवा आंब्याच्या फांदीवर माश्यांचा नुसता घोस लटकलेला दिसला आणि त्यात पोळे नसेल, तर तो नवे घर शोधायला निघालेला थवा असतो. त्याला डिवचू नये. बहुतेक वेळा तो एक-दोन दिवसांत पुढे जातो.

आता खरा मुद्दा. माश्या हलवायच्या म्हटले की माणसाच्या डोळ्यांसमोर उडणाऱ्या माश्या येतात आणि मग मध येतो. वास्तविक हलवायचा असतो तो पिलावा. मधपाळांच्या बोलीत पिलावा म्हणजे पोळ्याचा तो भाग, ज्याच्या षट्कोनी घरांमध्ये अंडी, अळ्या आणि कोष असतात. पोकळीत टांगलेल्या प्रत्येक पोळ्याचा वरचा पट्टा मधाचा असतो, त्याखाली परागाचा अरुंद पट्टा आणि त्याच्याही खाली, पोळ्याच्या मधोमध, पिलावा. तिथले तापमान माश्या साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखतात. थंडीत अंगाला अंग लावून आणि उन्हाळ्यात पंखांनी वारा घालून व पाणी आणून. कामकरी माशी स्वतःच्या जिवासाठी डंख मारते असे आपल्याला वाटते, पण ती लढते ती या मधल्या पट्ट्यासाठी. पिलावा आणि राणी नव्या जागी नीट पोचली तर उरलेल्या माश्या त्यांच्यामागे येतात. ती पोचली नाहीत तर पेटी कितीही चांगली असली तरी दोन दिवसांत रिकामी होते.

सातेरीच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते, कारण तिचा स्वभाव घर सोडून जाण्याचा आहे. युरोपातून आणलेली मेलिफेरा माशी बरीच उलथापालथ सोसते. सातेरी मात्र मुंग्या लागल्या, ऊन लागले, खाणे तुटले किंवा माणसाने वारंवार उघडझाप केली की उठते. हे मी पुस्तकात वाचलेले होते, पण पटले ते स्वतःच्या चुकीतून. मिरजेजवळच्या एका मळ्यातल्या घरातून काढलेली माझी पहिली वसाहत मी रोज सकाळी झाकण उघडून पाहत होतो, आणि पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचेही विसरलो होतो. चौथ्या दिवशी पेटीत मेणाचा वास, थोड्या काळ्या मुंग्या आणि दोरीने बांधलेली ओकी पोळी एवढेच शिल्लक होते.

त्यामुळे आत्याच्या वाड्यातले काम मी घाईने केले नाही. गवंड्याला दिवाळीनंतर सुरुवात करायची होती, त्याला थांबवून ते काम माघापर्यंत पुढे ढकलले. पावसाळ्यात आपल्याकडे फुलोऱ्याचा दुष्काळ असतो, माश्या साठ्यावर जगतात आणि पोळी तोडली तर नवी बांधण्याचे बळ त्यांच्यात नसते. भर उन्हाळ्यात पोळी मधाने जड झालेली असतात आणि उष्णतेने मेण मऊ पडलेले असते, म्हणजे हात लावताच तुटतात. पाऊस संपल्यानंतरचा काळ किंवा माघ-फाल्गुन हे त्यातल्या त्यात सोयीचे. माघ-फाल्गुनात तर पुढे जांभूळ आणि हिरडा फुलायचा असतो, त्यामुळे नव्या घरात गेल्याबरोबर माश्यांना काम मिळते.

भिंत फोडण्यापूर्वी मोहोळ नेमके कुठे आहे हे कळले पाहिजे, कारण बाहेरची फट एकीकडे आणि पोळी दुसरीकडे असे जुन्या घरांत नेहमी घडते. यासाठी फार मोठे साहित्य लागत नाही. रात्री घर शांत झाल्यावर भिंतीला कान लावून हलकेच टिचकी मारली की आतून फुस्स असा क्षणभराचा आवाज येतो, आणि जिथे तो सर्वांत स्पष्ट येतो तिथे पिलावा असतो. थंडीच्या पहाटे तळहाताला ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित कोमट लागते. दिवसा फटीपाशी दहा मिनिटे बसावे. पायांना पिवळे-नारिंगी परागाचे गोळे लावून माश्या आत जात असतील तर आत अळ्या आहेत, कारण पराग हे मुख्यतः पिल्लांचे अन्न असते. आत्याच्या परसात आणखी एक खूण मिळाली. फटीखालच्या दगडावर मेणाच्या बारीक टोप्या पडलेल्या होत्या, मसुराच्या डाळीपेक्षाही लहान, आणि प्रत्येकीच्या मधोमध सुईने टोचल्यासारखे छिद्र होते. सातेरीच्या नरांच्या कोषांवर असे छिद्राचे झाकण असते. नर निपजत आहेत याचा अर्थ वसाहत भरभराटीत आहे.

साहित्यात महत्त्वाची ती मधपेटी. १८५१ साली अमेरिकेतल्या लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ या पाद्र्याच्या असे लक्षात आले की ठरावीक अंतराची फट माश्या मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत, येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. पोळी ज्यांत बांधली जातात अशा सुट्या चौकटींची आजची पेटी या एका निरीक्षणावर उभी आहे. सातेरीसाठी दोन पोळ्यांमधली ही वाट साधारण आठ मिलिमीटरची धरतात. म्हणूनच मेलिफेराची मोठी पेटी सातेरीला देऊ नये. सातेरीसाठी लहान चौकटींची पेटी वेगळी मिळते. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले मांघर वाईहून पसरणीचा घाट चढून गेले की फार दूर नाही. ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही त्याने पहिल्या वेळी एखाद्या अनुभवी मधपाळाला बरोबर घ्यावे. आमच्याबरोबर जावळीतले एक जुने स्नेही होते आणि निम्मे काम त्यांच्याच हातचे होते.

आम्ही दुपारी चारनंतर सुरुवात केली. बाहेर चरायला गेलेल्या माश्या अंधार पडेपर्यंत परतत असतात, म्हणून पेटी संध्याकाळी फटीजवळ ठेवता येईल असे वेळेचे गणित बसवावे लागते. घरातली मुले आणि शेजारची गाय दूर नेली, माजघराच्या खिडक्यांना चादरी लावल्या, अंगात फिक्या रंगाचे जाड कपडे घातले, तोंडावर जाळी घेतली. अत्तर, वासाचे तेल काही लावायचे नाही आणि केळे खाऊन जायचे नाही. डंखाबरोबर सुटणाऱ्या धोक्याच्या गंधात केळ्याच्या वासाचे द्रव्य असते आणि त्या गंधाने बाकीच्या माश्या चवताळतात. धूर त्या गंधावर पांघरूण घालतो. स्नेह्यांनी गोवरी आणि नारळाचा काथ्या पेटवून धुराच्या डब्यातून दोन-तीन झुळका फटीत सोडल्या आणि डबा बाजूला ठेवला. सातेरीला जास्त धूर दिला तर ती पोळे सोडून सैरावैरा धावते आणि मग त्या गर्दीत राणी सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे आहे.

फळीचे खिळे उपसून ती अलगद काढली तेव्हा देवळीच्या वरच्या कमानीपासून सात पोळी लोंबत होती. कडेची दोन पांढुरकी, मधाने जड. आतली पाच तपकिरी, त्यांवर माश्यांचा थर इतका दाट की पोळे दिसतच नव्हते. आत्या दारातून पाहत होती. "अरे, हे तर देवघरासारखं रचलंय," एवढेच ती म्हणाली आणि पदर नाकाला लावून आत गेली.

कडेची मधाची पोळी आधी काढून झाकणाच्या डब्यात ठेवायची. ती चौकटीत बांधायचा मोह टाळावा, कारण मधाचे पोळे जड असते, तुटते, गळते, गळलेल्या मधात माश्या बुडतात आणि वासाने मुंग्या येतात. त्यानंतर पिलाव्याचे एकेक पोळे पातळ सुरीने वरून कापून हातावर घ्यायचे, त्यावरच्या माश्या कोंबडीच्या पिसाने पेटीत हलकेच झाडायच्या, पोळ्याचा वरचा कडा सरळ कापायचा आणि तो चौकटीच्या वरच्या पट्टीला भिडवून केळीच्या सोपटाच्या ओल्या दोरीने दोन-तीन वेढ्यांत बांधायचे. पोळे उलटे बांधले जाणार नाही याकडे लक्ष हवे, कारण पोळ्यातली घरे तोंडाकडे किंचित वर चढती असतात आणि माश्या त्या उताराच्या हिशेबानेच काम करतात. भिंतीत ज्या क्रमाने पोळी होती त्याच क्रमाने, तितक्याच अंतरावर ती पेटीत लावायची. हे सगळे चालू असताना पिलावा उघडा ठेवायचा नाही. थंड वाऱ्याने तो गारठतो आणि उन्हाने करपतो. आम्ही प्रत्येक चौकट पेटीत गेल्याबरोबर वर ओलसर फडके टाकत होतो. पाच पोळ्यांना तास-सव्वा तास लागला. माझ्या मते त्याहून कमी वेळात हे काम करणारा माणूस काहीतरी चुरडत असतो.

राणी शोधणे हा या कामातला सर्वांत जिकिरीचा भाग आहे. ती कामकरी माशीपेक्षा लांब, रंगाने काळसर, आणि पोटाच्या मानाने तिचे पंख आखूड दिसतात. परंतु हजारो माश्यांत ती लपते आणि बरेचदा शेवटच्या पोळ्यावर किंवा देवळीच्या कोपऱ्यातल्या घोसात सापडते. आम्हाला ती दिसलीच नाही. कोपऱ्यात उरलेला ओंजळभर माश्यांचा घोस स्नेह्यांनी हातानेच पेटीत ओतला आणि आम्ही पेटी बाहेर नेऊन फटीलगत ठेवून वाट पाहत बसलो. दहा-बारा मिनिटांत पेटीच्या दाराशी काही माश्या तोंड आत करून उभ्या राहिल्या, पोटाचे टोक वर उचलले आणि पंख थरथरवू लागल्या. ही माश्यांची हाक असते. पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून सुटणारा गंध त्या पंखांनी मागे पसरवतात आणि उडणाऱ्या माश्यांना घर इथे आहे असे कळते. हे दिसले की राणी आत आहे असे समजायला हरकत नाही. बघता बघता फटीभोवती घोटाळणाऱ्या माश्या पेटीवर उतरल्या आणि रांगेने आत चालत गेल्या.

त्याच वेळी पेटीच्या दाराला राणीरोधक पट्टी लावली. तिच्या चिरांमधून कामकरी माश्या सहज जातात, राणी जाऊ शकत नाही. त्यामुळे वसाहतीने पळायचे ठरवले तरी राणीवाचून ती जात नाही. ही पट्टी पाच-सहा दिवसांनी काढावी, कारण नरही तिच्यात अडकतात, आणि जुनी राणी मेली असून नवी निपजली असेल तर तिला मीलनासाठी बाहेर जावेच लागते.

साडेसात-आठच्या सुमारास दार जाळीने बंद करून पेटी उचलली. टॉर्चवर लाल कागद लावला होता, कारण माश्यांना लाल रंग दिसत नाही. पेटी कुठे न्यायची याचा विचार आधी झालेला असला पाहिजे. प्रत्येक माशीने आपल्या घराभोवतालच्या खुणा लक्षात ठेवलेल्या असतात. सातेरी चरण्यासाठी साधारणपणे एक-दीड किलोमीटरच्या आत फिरते. पेटी त्याच परिघात ठेवली तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडलेल्या माश्या ओळखीच्या वाटेने जुन्या भिंतीकडे परततात आणि तिथे घोळका करून मरतात. म्हणून पेटी निदान तीन किलोमीटर दूर न्यावी. तिथल्या खुणा अनोळखी असल्यामुळे माश्या पेटीसमोर घिरट्या घालून नव्याने जागा शिकतात. आपल्याच परसात पेटी ठेवायची इच्छा असेल तर दोन-तीन आठवडे ती लांब ठेवून परत आणता येते. आम्ही ती धोमच्या बाजूला एका नातेवाइकांच्या बांधावर, जांभळीच्या सावलीत, सकाळचे कोवळे ऊन लागेल अशी पूर्वेकडे तोंड करून ठेवली. तासगावकडचे एक मित्र पेटी मागत होते, पण द्राक्षबागेत फवारणीचा हंगाम चालू असताना तिथे वसाहत पाठवणे मला योग्य वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. संध्याकाळी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक पेटीच्या आत, काडीकुडी तरंगत ठेवून द्यायचा. बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लूट करायला येतात. आणि झाकण उघडायचे नाही. आत काय चालले आहे ते दारावरूनच कळते. आठव्या दिवशी आमच्या पेटीच्या दाराखाली सोपटाचे कुरतडलेले तंतू पडलेले दिसले. पोळी मेणाने चौकटीला पक्की जोडून झाली की माश्या दोरी कापतात आणि केराप्रमाणे ओढून बाहेर टाकतात. परागाचे गोळेही आत जात होते, म्हणजे राणी अंडी घालत होती. राणी खरोखरच हरवली असती तरी सगळे संपले नसते. तीन दिवसांच्या आतल्या अळ्या असतील तर कामकरी माश्या त्यांतून नवी राणी तयार करतात, मात्र ती निपजून, मीलन होऊन अंडी घालू लागेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. अंडी आणि कोवळ्या अळ्या दोन्ही नसतील तर काही दिवसांत कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन, आणि त्यांतून फक्त नर निपजतात. अशी वसाहत वाचवायला दुसरीकडून पिलाव्याचे पोळे आणून द्यावे लागते.

भिंत फोडणे शक्यच नसेल, उदाहरणार्थ मंदिराच्या दगडी भिंतीत मोहोळ असेल, तर तारेच्या जाळीचा शंकू फटीवर बसवतात. माश्या त्याच्या निमुळत्या टोकातून बाहेर पडतात, पण परतीची वाट त्यांना सापडत नाही आणि शेजारी ठेवलेल्या, दुसऱ्या वसाहतीचा पिलावा असलेल्या पेटीत त्या शिरतात. आतला सगळा पिलावा निपजून बाहेर येईपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात, मूळ राणी बहुधा हाती लागत नाही, आणि सातेरी मध्येच उठून जाण्याची शक्यता राहतेच. हा मार्ग नाइलाजाचा आहे.

डंखाबद्दल एक सूचना. नांगी अंगात राहते आणि तिला चिकटलेली पिशवी नंतरही विष सोडत राहते, म्हणून नखाने खरवडून ती ताबडतोब काढावी. जागा सुजणे नेहमीचे आहे. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा घसा सुजला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठावा. ज्याला पूर्वी असे झालेले आहे त्याने या कामाच्या जवळही येऊ नये.

देवळी रिकामी झाल्यावर काम संपत नाही. मेणाचा वास वर्षानुवर्षे टिकतो आणि नव्या थव्याचे टेहळे तो हुंगत बरोबर त्याच जागी येतात. म्हणून पोळ्यांचा शेवटचा ठिपकासुद्धा खरवडून काढायचा, जागा सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, पोकळी दगडमातीने भरायची आणि बाहेरची फट चुन्याने बुजवायची. आम्ही हे सगळे केले, फक्त कमानीच्या मागे, जिथे सुरी पोचत नव्हती तिथले थोडे मेण राहून गेले. गवंड्याने परसाकडची फट बुजवली, पण तुळई बदलताना वर दुसरी एक पडली. यंदा होळीनंतर आत्याचा फोन आला, की त्या फटीपाशी चार-पाच माश्या दोन दिवस आत-बाहेर करून जागा बघताहेत. मी त्याच संध्याकाळी चुन्याची पिशवी घेऊन वाईला गेलो.